गिनती बराबर

एक गोष्ट आधीच छातीठोकपणे सांगून टाकतो. उभ्या जन्मात माझ्या हाताखाली एकही अपघात झाला नाही! पोलादाच्या प्लांटच्या वेल्डिंग शॉपात मी फोरमन होतो. ठिणग्यांच्या पावसात सारी नोकरी काढली, पण माझ्या गँगमध्ये कोणाचं बोट भाजलं नाही. कावून? तर माझी शिटी! दर शनिवारी मॉक ड्रिल. शिटी वाजली की हातातलं काम टाका, मेन बंद करा, बाहेर या, जोडीनं उभे राहा, मुंडकी मोजा. माझी बायको वसुंधरा म्हणते, "लग्नाच्या वरातीतही तुमी पाहुणे मोजले असन!" मोजले होते. दोन कमी भरले, ते बुंदीच्या खोलीत सापडले.

रिटायर झालो अन् शिटीले काम राहिलं नाही. मंग रुआबांध्याच्या आमच्या घरातच मी सेफ्टी सुरू केली. गॅसजवळ वाळूची बादली ठेवली. देवघरातल्या निरांजनापासून पडदा किती दूर पाहिजे, ते खडूनं आखलं. एक दिवस फोडणीचा धूर पाहून शिटी वाजवली, तर वसुंधरा लाटणं घेऊनच बाहेर आली. त्याच आठवड्यात कुठून तरी तिच्या कानावर आलं का जेलात कैद्यांले वेल्डिंग शिकवाले माणूस पाहिजे.

"जा बापा तुमी जेलात!" ती हात जोडून म्हणाली. कोण्या बायकोनं नवऱ्याले हे इतक्या आनंदानं म्हटलं नसन.

गेलो. सरकारची कौशल्य योजना होती. शिक्षा भोगून राहिलेल्या मोठ्या माणसांले धंदा शिकवायचा, परीक्षा घ्यायची, सर्टिफिकेट द्यायचं, म्हणजे बाहेर गेल्यावर हाताले काम भेटन. पहिल्या दिवशी घाबरलो होतो, खोटं कशाले बोलू? पण शेडमध्ये पाहतो तर काय, आपल्या नाइट शिफ्टच्या गँगसारखीच माणसं! तेच आळस देणं, तेच चहाची वाट पाहणं. फरक एवढाच की माझ्या तासाले कोणी उशिरा येत नव्हतं. येणार कुठून?

त्यातला एक कवडू. कुम्हारीचा. भावकीच्या भांडणात हातात काठी आली अन् समोरचा माणूस परत उठला नाही. "मारायचं नव्हतं" असं तो मले कधी म्हणाला नाही. "मारलं सर," एवढंच म्हणाला अन् वेल्डिंगचा टाका घालाले खाली वाकला. घरी त्याची माय अंजनाबाई अन् पोरगी मोनाली. चांगल्या वागणुकीची माफी धरून तो दिवाळीच्या आत सुटणार होता. जामुलच्या एका वर्कशॉपवाल्यानं शब्द दिला होता, "सर्टिफिकेट घेऊन ये, त्याच दिवशी कामावर घेतो." म्हणजे परीक्षा पास झाला तर माणूस पायावर उभा. अन् त्याआधी काही वेडंवाकडं झालं तर माफी गेली, काम गेलं, अन् पोरीनं बापाले पाहायचं ते पुन्हा जाळीतूनच.

जेलात सारं जोडीनं चालते. गिनतीले जोडीनं बसायचं, म्हणजे मोजाले सोपं. कवडूची जोड शेषरावकाकासंगं. काका जुना माणूस, तोंडाचा फटकळ. मी सेफ्टीवर बोललो की तो म्हणे, "सर, इथं आमी इतके सेफ आहो का चोरही येत नाई."

परीक्षेचा दिवस उजाडला. वसुंधरानं मले इस्त्रीचा पांढरा कुर्ता-पायजामा काढून दिला. "चांगल्या कामाले पांढरं घालावं. अन् तुमी पुढं व्हा. मी पोरांसाठी दही-साखर घेऊन ऑटोनं येते."

"पोरं? अवो, त्यातल्या अर्ध्यांचे केस पिकले!"

"मंग काय झालं? दही-साखर खाल्ल्याशिवाय परीक्षेले बसते का कोणी?"

आता जेलातले शिक्षा झालेले पक्के कैदीही पांढराच कुर्ता-पायजामा घालतात. ही गोष्ट त्या सकाळी ना तिच्या डोक्यात आली, ना माझ्या.

गेटवर मोबाइल, पाकीट, किल्ल्या जमा करा लागत. केल्या. शिटी मात्र कुर्त्याच्या आत गळ्यात होती. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रायपूरवरून समृद्धी मॅडम परीक्षा घ्याले आल्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या, पण नजर अशी की लोखंडही सरळ होईन. सगळे आपापल्या जागी उभे राहिले अन् नेमका गॅसचा सिलिंडर संपला! नवा सिलिंडर गाडीवाल्यानं गेटबाहेर उतरवून ठेवला होता. तो आणाले कवडू गेला, संगं देवांगन नावाचा प्रहरी, म्हणजे जेलाचा शिपाई. मी मागून ओरडलो, "कवडू, भरलेला सिलिंडर म्हणजे तान्हं लेकरू! एकटा सोडायचा नाही!"

"हाव सर!"

तेवढ्या वेळात मॅडमनं सहज विचारलं, "सर, सेफ्टी-वेफ्टी भी सिखाया है ना?"

बस! आंगात आलं माझ्या. सेफ्टी-वेफ्टी! मी म्हणलं, "मॅडम, सांगत नाही, दाखवतोच." अन् कुर्त्यातून शिटी काढून अशी वाजवली का शेडवरची कबुतरं उडाली!

काय सांगू तुमाले, माझी माणसं एका झटक्यात! मेन बंद, काम खाली, धडाधड बाहेर. माझी छाती फुगली. तेवढ्यात टॉवरवरून कोणीतरी दुसरी शिटी वाजवली. मंग मागच्या भिंतीकडून तिसरी. मी म्हणलं, "पाहा मॅडम, आता स्टाफही शिकून राहिला!" अन् मंग घंटा सुरू झाली. टण टण टण टण, थांबायचं नाव नाही. जेलात तिले पगली घंटी म्हणतात.

शेषरावकाकाचं तोंड पांढरं पडलं. "सर, हे काय करून ठेवलं तुमी?"

"मॉक ड्रिल."

"अरे देवा! जेलात शिटी म्हणजे कैदी पळाला!"

करायले गेलो गणपती अन् झाला मारुती! चारी बाजूनं प्रहरी काठ्या घेऊन पळत आले. मॅडमले दोन बाई प्रहरींनी उचलल्यासारखं ऑफिसात नेलं. "बैठो! जोड़ी से बैठो!" सगळे मैदानात बसले. मी एका बाजूले उभा होतो, तर शेषरावकाका एकटाच दिसला. जोड अधुरी! आता तुमीच सांगा, ज्या माणसानं जन्मभर मुंडकी मोजली, त्याले अधुरी जोड पाहवते का? मी हसत हसत गेलो अन् काकाच्या बाजूले बसलो. तेवढीच रांग पुरी!

मोजणारा प्रहरी नवीन बदलून आला होता. त्यानं पांढरे कपडे पाहिले, जोड्या मोजल्या अन् खुशीत ओरडला, "गिनती बराबर!"

मंग सगळ्यांले बराकीत घातलं. सगळ्यांले म्हणजे, मलेही!

"अरे भाऊ, मी कैदी नाही! मैं मास्टर हूँ!"

"यहाँ सब मास्टर हैं, दादा. चलो अंदर."

खाड! दार बंद झालं. बाहेरून कडी पडली.

तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. प्लांटमध्ये याहून मोठे आवाज ऐकले, पण ते आवाज माझ्यावर बंद झाले नव्हते. मी दार पिटलं. ओरडलो. हात लाल झाले. ज्या शेडात मी रोज शान मारत येत होतो अन् चहाच्या वेळेले घरी जात होतो, तिथून हे लोक रोज इकडं येत होते, अन् रोज हाच आवाज ऐकत होते. मले तो एकदाच ऐकू आला तर मी लहान पोरासारखा रडकुंडीले आलो. लाज वाटली हो मले!

"सर, चूप बसा जरा," शेषरावकाका खिडकीशी उभा राहून म्हणाला. "तो पाहा, देवांगन आला."

देवांगन गेटकडून धापा टाकत पळत येत होता. एकटाच.

"कवडू कुठं हाय?" काकानं मले विचारलं.

मीही खिडकीशी धावलो. घंटी वाजली की जिथं असन तिथून प्रहरी आत पळते अन् गेट बंद होते, हा तिथला नियम. देवांगन नियमानं आत पळाला. गेट नियमानं बंद झालं. अन् कवडू राहिला बाहेर! जेलानं आपलाच कैदी बाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं!

"पण मंग गिनती बराबर कशी आली?"

काका माझ्याकडं पाहतच राहिला. "सर, तुमी ज्या जागेवर बसले, ती जागा कवडूची होती."

अरे बापा! म्हणजे मी आता "मी बाबाराव, मी मास्टर" म्हणून बाहेर गेलो, तर गिनतीत एक कमी. एक कमी म्हणजे कवडू फरार. फरार म्हणजे माफी गेली, वरून नवी केस. अन् हे सारं कावून? तर माझ्या शिटीपायी! मी दारापासून सरकलो अन् कोपऱ्यात जाऊन बसलो. "काका, मी आता कैदी. कवडू आत येईपर्यंत मी कवडू."

"पण तो येईन का?" मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

गेटसमोर रस्ता, रस्त्यावर कुम्हारीची बस. प्रत्येकाच्या डोळ्यासमोर तीच बस होती, माझ्याही.

इकडं जेलरसाहेबांले आठवलं की मास्टर कुठं आहे? शेडात नाही, ऑफिसात नाही, संडासात नाही. वर मोबाइल-पाकीट गेटवर तसंच! झालं! कोणीतरी म्हणालं, कैद्यांनी सराले ओलीस ठेवलं. जेलरसाहेब बराकींसमोरून भोंगा घेऊन फिरायले लागले, "मास्टरजी को कुछ मत करना! तुम्हारी माँग सुनी जाएगी!"

आमच्या बराकीतल्या एकानं लगेच खिडकीतून ओरडून सांगितलं, "साहब, दाल पतली रहती है!"

"चूप रे!" मी घोंगडीखालून दाबलं त्याले. हो, घोंगडी! ऑक्टोबरच्या उकाड्यात मी डोक्यावरून घोंगडी घेऊन पडलो होतो, अन् माझेच विद्यार्थी माझे पाय दाबत असल्यासारखे मले घेरून बसले होते, म्हणजे साहेबांले दिसू नये.

बाहेर काय झालं ते मले नंतर समजलं. 'गिनती बराबर' ऐकून देवांगनले वाटलं होतं का कवडूही मागोमाग आत आला. वसुंधरा ऑटोतून उतरली, तर गेटसमोरच्या झाडाखाली एक पांढऱ्या कपड्यातला माणूस सिलिंडरले दोन्ही हातांनी कवटाळून उभा! शेजारी राधाबाईची चहाची टपरी. राधाबाई म्हणाली, "कब से खड़ा है बेचारा. दरवाज़ा पीट-पीट के थक गया. वो लोग खोलते ही नहीं."

कवडूनं खरंच दार वाजवलं होतं. आतून प्रहरी म्हणाला, "मुलाक़ात बंद है, कल आना."

"साहब, मैं अंदर का हूँ!"

"अंदर की गिनती बराबर है. भाग यहाँ से!"

भाग! साक्षात जेलाच्या दारानं त्याले पळ म्हणून सांगितलं! तेवढ्यात कुम्हारीची बसही येऊन थांबली. कंडक्टरनं हाका मारल्या, "कुम्हारी, कुम्हारी!" बस गेली. कवडू सिलिंडर धरून उभाच.

वसुंधरानं सगळं ऐकून घेतलं, कवडूचे पांढरे कपडे पाहिले, अन् तिले मी घातलेला कुर्ता आठवला. आधी डबा उघडला. "आ कर." त्याचे हात सिलिंडरले गुंतलेले, तर तिनं स्वतः चमच्यानं त्याले दही-साखर भरवली. मंग पदर खोचला अन् ते दार असं वाजवलं का आतली घंटी फिकी पडली.

"माहा नवरा बाहेर द्या अन् याले आत घ्या!"

"माताजी, गिनती बराबर है."

"बराबर कशी असन? लग्नघरात शेजारणीचं भांडं आपल्यात येते अन् आपलं तिच्यात जाते, तरी मोजलं की आकडा बराबरच येते! माहं भांडं तुमच्यात गेलं, तुमचं माह्याजवळ आहे. बोलवा तुमच्या साहेबाले!"

थोड्या वेळानं बराकीची कडी निघाली. जेलरसाहेब दारात उभे. "मास्टरजी, कंबल से बाहर आइए. आपकी मिसेस आई हैं."

त्यापेक्षा ओलीस बरा होतो!

गेटवर सगळे जमले. जेलरसाहेबाचा चेहरा लोखंडासारखा तापलेला. "ये आदमी दीवार के बाहर पाया गया. फ़रारी का केस बनता है." कवडूनं सिलिंडर अजून सोडला नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, अन् मले खोटी शान आठवली नाही, काही नाही. मी म्हणलं, "साहेब, शिटी माझी. देवांगन नियमानं पळाला, गेट नियमानं लागलं, यानं दार वाजवलं तर तुमच्याच माणसानं हाकललं. पळायची बस समोरून गेली अन् हा उभा राहिला. केस करायची तर माझ्यावर करा. एवढा वेळ तुमच्या बराकीत बिनापरवानगीचा मीच होतो."

"अन् लिवून घ्या," वसुंधरा म्हणाली, "का तुमची गिनती बराबर होती अन् एक माणूस बाहेर होता. हेबी वर कळवा."

जेलरसाहेब हिशोब करायले लागले. कळवलं असतं तर कैदी राहिला बाजूले, देवांगनची नोकरी गेली असती, मोजणाऱ्याची गेली असती, अन् साहेबांचीही बदली झाली असती कुठं तरी जंगलात. शेवटी ते घसा साफ करून म्हणाले, "जो हुआ, वो मॉक ड्रिल था. सफल रहा. और मास्टरजी, वो सीटी इधर दीजिए."

शिटी दिली. मी जन्मात पहिल्यांदा मॉक ड्रिलमध्ये पास झालो, तो असा.

परीक्षा झाली. वसुंधराची दही-साखर साऱ्यांले पुरली, मॅडमलेही. छोटं फाटक बनवायचं होतं, चौकट, जाळी अन् कडी. कवडूनं टाक्यामागं टाका घातला अन् फाटक उभं केलं. मॅडमनं कडी तीनदा उघडून लावून पाहिली अन् म्हणल्या, "बढ़िया." शेषरावकाकाची कडी लागली नाही. तो म्हणाला, "मॅडम, इथून पुढं कडी न लागणं हीच माही इच्छा!" त्यालेही पास केलं.

जाताना मले राहवलं नाही. कवडूले बाजूले घेतलं. मनात होतं, हा म्हणन, सर, तुमचा धडा आठवला. "का रे, तुले सिलिंडरचं आठवलं म्हणून नाही पळाला ना?"

"नाई सर."

"मंग पोरीचं आठवलं?"

"ते तं नंतर आठवलं." त्यानं बंद गेटाकडं पाहिलं. "सर, बंद दार दिसलं का माहे पाय आपोआप थांबतात. दार पिटत होतो तरी मले वाटे मी आतच हाय. बस आली तवा समजलं का मी बाहेर हाय. तवा लय भ्याव वाटलं. म्हणून सिलिंडर धरला."

वेल्डिंग शिकवलं, सेफ्टी शिकवली, पण हे कोण शिकवणार होतं? माझ्या कोण्या ड्रिलमध्ये ते नव्हतं.

कवडू दिवाळीच्या आत सुटला. मोनाली गेटवर आली होती, आजीचा हात धरून. वर्कशॉपवाल्यानं शब्द पाळला. पहिलं काम म्हणून मीच त्याले सांगितलं, "माह्या घराले एक चांगलं लोखंडी फाटक बनवून दे." दिलं. जामुलवरून स्वतः आणून बसवलं. काय जाळी, काय टाके! बोट फिरवलं तर शिवण लागत नव्हती. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांले बोलावून दाखवलं. मंग ओढून लावायले गेलो तर फाटक आपोआप परत उघडलं.

"कवडू, कडी कुठं हाय?"

तो खाली पाहून म्हणाला, "नाई लावली सर."

"विसरला?"

"नाई. शेषरावकाकानं सांगितलं का तुमी त्या दिवशी दार पिटून पिटून हात लाल करून घेतले. मंग माहं मनच झालं नाई. सरच्या घरी कडी नको."

वसुंधरानं डोळ्याले पदर लावला अन् म्हणाली, "राहू द्या. कोणी हात लावाचा नाई त्या फाटकाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय आत आली अन् तिनं वसुंधराची सारी मेथी खाल्ली.

"आता लावू का कडी?" मी विचारलं.

"खबरदार! तुमीच बसा फाटकाशी."

तेव्हापासून रोज सकाळी मी फाटकाजवळ खुर्ची टाकून ड्युटीवर असतो. नवी शिटी घेतली आहे, अन् गल्लीलेही ड्रिल शिकवली आहे. गाय दिसली की वाजवतो. साऱ्या गल्लीतले लोक धडाधड बाहेर येऊन जोडीनं उभे राहतात. गाय तेवढी हलत नाही.